हाजींना जेद्दा दाखवताना

आमच्या गावात नुसतं 'हाजी' म्हटलं की ते माझे सासरे. बाकीच्या हाजींना पुढे नाव लावावं लागतं, यांना नाही. खाडीकाठच्या आमच्या घरावर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर 'हाजी' मोठ्या अक्षरांत आणि 'गफूर' त्याखाली जरा लहान अक्षरांत. मशिदीत पहिल्या रांगेत त्यांची जागा धरलेली असते. लग्नपत्रिकेत पहिलं नाव त्यांचं असतं, मग लग्न घरातलं असो की चुलत चुलत्याचं.

हे हाजीपण त्यांना बोटीने मिळालं. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून जेद्द्याला यात्रेकरू नेणाऱ्या एका बोटीवर ते इंजिनखात्यात तेलवाले होते. बोट जेद्द्याला लागली की खलाशांना पाळीपाळीने मक्केला सोडत, त्यात यांचा हज झाला. गावातली बाकी माणसं पुढे विमानाने गेली, पण बोटीच्या जमान्यातले हाजी म्हणून यांचा मान वेगळा. हज-उमऱ्याला निघालेला माणूस आधी आमच्या पडवीत येतो. अब्बा त्याला समोर उभं करतात आणि इहराम बांधायला शिकवतात, म्हणजे त्या बिनशिवणीच्या दोन पांढऱ्या चादरी, एक कमरेला आणि एक खांद्यावर. बांधून झालं की म्हणतात, "आता चालून दाखव. आता बस. ऊठ." त्यांनी बांधलेला इहराम सुटत नाही, असं गावात अभिमानाने सांगतात.

मी त्यांची सून, बिलकिस. माझं त्यांच्याशी भांडण कधी झालं नाही, पण एक गोष्ट मी विसरलेली नाही. नवी नवरी होते, रमजान होता, पहाटे डोळा लागला आणि नमाज चुकली. सासूबाईंनी विचारलं तेव्हा घाबरून "पढले" म्हणाले. अब्बांनी मला झोपलेलं पाहिलं होतं. त्या संध्याकाळी रोजा सोडताना मी सगळ्यांना सरबत दिलं, तर त्यांनी पेला हातात न घेता सांगितलं, "खोटं बोलणाऱ्याच्या हातचं मला नको." ओटीवर पंधरा माणसं बसलेली होती. एकोणीस वर्षांच्या पोरीने तेव्हा कुठे तोंड लपवावं, हे कोणी सांगितलं नाही.

तर असे आमचे हाजी यंदा थंडीत जेद्द्याला आले. सोबत माझी नणंद आलिमा. आम्ही अल अझीझियात राहतो. माझे मिस्टर कादिर एसीच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळतात, आमची दुआ नववीत आहे. बेत असा होता की चार दिवस जेद्दा बघायचं, मग मदिनेला जायचं आणि तिथून इहराम बांधून मक्केला उमऱ्यासाठी, म्हणजे वर्षभरात कधीही करता येते त्या छोट्या यात्रेसाठी. विमानतळावर काउंटरवरच्या पोराने पासपोर्टवर शिक्का मारला आणि "यल्ला, हाजी" म्हणून तो परत दिला. इथे पांढऱ्या दाढीच्या कुठल्याही परदेशी माणसाला हाजीच म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. आलिमाला ते कुठलं ठाऊक. ती बाहेर आल्या आल्या भावाला सांगू लागली, "बघ, अब्बांना इथेपन वळखतात." अब्बा हसले नाहीत. प्रवासाने दमले असतील, असं मला वाटलं.

कादिरला सुट्टी नव्हती म्हणून शहर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. गाडी मी चालवते हे अब्बांना ठाऊक होतं, पण बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर बसून त्यांनी दाराचं हँडल असं धरलं की मला वाटलं, उपटून हातात येईल.

"कुठे जायचं अब्बा? कॉर्निशला नेऊ?"

"तू काय दाखवणार मला जेद्दा?" ते म्हणाले. "तुझा नवरा रांगत होता तेव्हा मी पाहिलंय. चल, मी दाखवतो."

म्हटलं, बरं. ते सांगतील तिकडे गाडी वळवायची. त्यांनी सांगितलेला पहिला रस्ता एका बांधकामाच्या पत्र्यावर जाऊन संपला आणि दुसरा आम्हाला परत आमच्याच गल्लीत घेऊन आला. तिसऱ्या वेळी मी न विचारता कॉर्निशला नेलं.

समुद्राकाठी संध्याकाळची गर्दी होती. चटया टाकून, चहाचे थर्मास काढून घरंच्या घरं पाण्याकडे तोंड करून बसली होती. अब्बा कठड्यापर्यंत गेले आणि उलटे फिरले. समुद्राकडे पाठ, तोंड शहराकडे. बराच वेळ तसे उभे राहिले आणि मग पुटपुटले, "हां. असंच होतं. तो मिनार नव्हता, बाकी असंच." सगळं कॉर्निश एका बाजूला बघत होतं आणि आमचे हाजी दुसऱ्या बाजूला. दुआ मोबाइलवर त्यांना टिपत होती. शाळेत तिला प्रोजेक्ट होतं, घरातल्या मोठ्या माणसाच्या आठवणींतून शहर दाखवायचं. "दादा, थोड़ा इधर देखो," ती म्हणत होती, "और बताओ ना, तब क्या क्या था?"

दुसऱ्या दिवशी बलदला नेलं. जुनं जेद्दा ते, लाकडी जाळीच्या खिडक्या आणि अरुंद गल्ल्या. दुआने विचारलं, "दादा, आप कहाँ रुके थे?" अब्बांनी हात वर करून एका घराकडे दाखवलं, "अशाच एका घरात." पुढे म्हणाले, या गल्लीतून सरळ गेलं की मशीद लागते. सरळ गेलो तर चपलांचा बाजार लागला. मग डावीकडे म्हणाले, तिकडे भिंत होती. शेवटी अत्तराच्या दुकानातल्या केरळी माणसाने आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. आलिमा म्हणाली, "शहर किती बदललं ना अब्बा." कॉर्निश बदललं हे मला मान्य आहे. पण बलदच्या गल्ल्या माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांच्या आधीपासून तिथल्या तिथे आहेत. परत येताना मी आरशातून मागच्या सीटवरच्या अब्बांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत होते आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. इतकी वर्षं सगळ्यांच्या चुका काढणारा माणूस चपलांच्या बाजारात हरवला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बंदर बघायचं म्हटलं. आत सोडत नाहीत. मी बाहेरच्या रस्त्यावर जिथे गाडी उभी करता येते तिथे थांबवली. लांब क्रेन दिसत होत्या, कंटेनरचे ट्रक फाटकातून आत-बाहेर करत होते. इथे मात्र अब्बांचं बोट चुकलं नाही. "धक्का तिकडे. बोट अशी आडवी लागायची. शिडी तिथे. आणि तिथून बसगाड्या सुटायच्या, टपावर बिछाने बांधलेले. म्हातारी माणसं शिडी उतरली की आधी खाली वाकून जमिनीला हात लावायची." ते बोलत होते तेव्हा त्यांचा आवाज गावच्या पडवीतल्यासारखा नव्हता. मग त्यांनी विचारलं, "मक्का इथून किती लांब, गो?"

"तास-सव्वा तास. रस्ता मोकळा असला तर त्याहून कमी."

"एवढंच?"

"तुम्ही गेला होतात ना अब्बा," मी म्हणाले. त्यांनी काच वर केली आणि एसी वाढव म्हणाले.

त्या रात्री जेवताना कादिर खुशीत होता. शराफिया भागात राहणाऱ्या आमच्याकडच्या लोकांचा एक घोळका दर वर्षी मिळून बस करतो, मदिना करून उमऱ्याला जायला. यंदा त्यांना कळलं की बोटीच्या जमान्यातले हाजी गफूर आलेत. सगळ्यांनी एका तोंडाने ठरवलं की काफिल्याचे अमीर तेच. म्हणजे पुढे चालायचं, प्रार्थना सांगायच्या, कोणी चुकलं तर सांभाळून घ्यायचं. कादिर वीस वर्षं त्या लोकांत नुसता गोदामवाला होता. आता हाजींचा मुलगा झाला होता. "मी हो सांगून टाकलं, अब्बा," तो म्हणाला.

अब्बा म्हणाले गुडघा दुखतोय. गुडघ्याला तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आणखी आठवडा थांबू, मासळीबाजार बघायचा राहिला. मासळीबाजार दाखवला. सुरमईच्या गालफडात बोट घालून त्यांनी ताजी-शिळी तपासली, पण घेतली नाही. मग म्हणाले, पाण्यावरची मशीद राहिली. ती दाखवली. त्या माणसाला जेद्दा इतकं आवडतंय असं वाटत नव्हतं, आणि तरी ते जेद्दा सोडायला तयार नव्हते. मला वाटलं, आजारी आहेत आणि लपवतायत. कादिर म्हणाला, डॉक्टरकडे नेऊ.

जुम्म्याला नमाजनंतर काफिल्यातली माणसं आमच्याकडे जेवायला आली. कोलंबीचं सुकं, तांदळाच्या भाकऱ्या, सांदण, मी पहाटेपासून गॅसपाशी होते. पुरुष हॉलमध्ये बसले, आम्ही पडद्याच्या अलीकडे. त्यांच्यात इस्मतचाचा होते, आमच्याच गावचे. इथे येण्याआधी हज केला तेव्हा आमच्या पडवीतच शिकले होते. ते आत आले आणि सगळ्यांदेखत अब्बांच्या हाताचं चुंबन घेतलं. अब्बांनी हात ओढून घेतला, पण उशीर झाला होता.

जेवणं झाल्यावर इस्मतचाचा म्हणाले, "हाजी, माझा भाचा आकिब पहिल्यांदा येतोय. त्याला बांधून दाखवा. सगळेच बघतील." आकिब चांगला तिशीचा, लाजत उभा राहिला. अब्बा उठले. चादर हातात आली आणि म्हातारा बदललाच. समोर उभं राहून त्यांनी चादर त्याच्या कमरेभोवती फिरवली, एक टोक आत, दुसरं वर, घडी, पुन्हा घडी, खाली गुंडाळी. "चाल. बस. ऊठ." आकिब चालला, बसला, उठला. सगळे माना डोलावत होते. कादिरच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

दुआ पडद्यातून मोबाइल पुढे करून उभी होती. "दादा," तिने विचारलं, "आपने खुद पहली बार कब बाँधा था?"

अब्बा खाली बसले. "मी कधी बांधला नाय," ते म्हणाले.

लोक हसले. थोरांच्या नम्रतेला हसतात तसे. इस्मतचाचा म्हणाले, "बघा, कसे बोलतात."

"नाय इस्मत, खरंच. मी हज केलेला नाय. मी जेद्द्यात पाय ठेवलेला नाय, आत्ता येईपर्यंत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, चादरीची उरलेली घडी हातात धरून. बोट यलमलमच्या समोर, म्हणजे इहराम बांधायच्या हद्दीवर, आली की भोंगा व्हायचा आणि यात्रेकरू इहराम बांधायचे. बोट हलायची, म्हाताऱ्यांना जमायचं नाही, म्हणून खलाशी मदत करायचे. तिथे ते बांधायला शिकले. जेद्द्याला लागल्यावर यांची पाळी येणार होती. पण आदल्या रात्री इंजिनावर पहारा असताना ते झोपले आणि साहेबाने पकडलं. शिक्षा म्हणून उतरायचा पास काढून घेतला. बाकीचे गेले, हज करून आले, हे बोटीवरच. "शिडीच्या खालच्या पायरीपर्यंत उतरायचो मी. पुढे पोलीस होता. तिथून बसा जाताना बघायचो." बरोबरच्या एका खलाशाने दया येऊन त्यांच्यासाठी मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्याचा कॅन भरून आणला. गावी परतले तेव्हा धक्क्यावर हार घेऊन माणसं उभी होती. सगळ्यात पुढे त्यांची आई. तिने जमजमचा कॅन पाहिला आणि गळ्यात पडून रडली, माझा हाजी आला म्हणाली. "म्हटलं, आज नको, उद्या सांगू. झोपलो म्हणून हज चुकला, हे त्या माउलीला कसं सांगणार? ती पुढच्या वर्षी वारली. मग पाटी लागली."

मी पडद्याआड भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होते आणि ती खाली ठेवायची मला सुचेना. इस्मतचाचांनी विचारलं, "मग आमाला जे शिकवलंत ते?" अब्बा म्हणाले, "ते बरोबर हाय. मी बघितलेलं तेवढंच शिकवलं." इस्मतचाचा "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने एकेक जण उठला. चहा कोणी घेतला नाही. जाताना कादिरशी हात मिळवताना सगळे त्याच्या खांद्याकडे बघत होते.

दार लागल्यावर दुआने हळूच विचारलं, "मम्मी, वीडियो डिलीट कर दूँ?"

"कर," कादिर म्हणाला.

"राहू दे," अब्बा म्हणाले. "गावच्या ग्रुपवर टाक."

आलिमा रडायला लागली. "अब्बा, पुढच्या महिन्यात माझ्या सहरचं लग्न हाय. पत्रिका छापून झाल्या. वर तुमचं नाव हाय. सासरच्या लोकांनी हाजींची नात म्हणून मागणी घातली." अब्बांनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. व्हिडिओ ना पुसला गेला, ना पाठवला गेला. कादिर त्या दिवसापासून वडिलांशी बोलेना. शराफियात नेहमीच्या हॉटेलात चहाला जायचा, तेही सोडलं. रागावला होता म्हणावं तर राग दिसत नव्हता. माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा कडेकडेने चालत होता. काफिल्याने दुसरा अमीर शोधला, हे त्याला फोनवर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा खुर्चीत बसून होते. रोज उठल्या उठल्या हाक मारून चहा मागायचे, आज मागितला नाही. मी नेऊन समोर धरला. त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"बिलकिस, घेऊ ना मी?"

म्हणजे त्यांनाही ते आठवत होतं, सरबताचा पेला आणि ओटीवरची माणसं. हा दिवस यावा असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल, त्या दिवशी काय बोलायचं तेही घोकून ठेवलं होतं. आणि दिवस आला तर मलाच लाज वाटली. बलदमध्ये आरशातून बघत मी मनात हसले होते, त्याची जास्त. "निवतोय अब्बा," एवढंच म्हणाले. त्यांनी कप दोन्ही हातांनी घेतला.

आम्ही आमच्या गाडीनेच मदिनेला गेलो. वाटेत अब्बांना कोणी हाजी म्हटलं की ते थांबून सांगायचे, मैं हाजी नहीं हूँ. पेट्रोलपंपावरच्या बंगाल्याला सांगितलं, पाव विकणाऱ्या पोराला सांगितलं. त्यांना काय फरक पडतो, ते हसून पुन्हा हाजीच म्हणायचे. कादिर प्रत्येक वेळी मान दुसरीकडे वळवायचा. चाळीस वर्षं जे एकदा सांगता आलं नाही, ते आता म्हातारा रस्त्यावरच्या माणसांना सांगत सुटला होता. मदिनेत रात्री आलिमा माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली, मग म्हणाली, "भाभी, दुआला सांग तो व्हिडिओ मला पाठवायला. गावात मीच दाखवते. पत्रिका परत छापायला टाकते." दुसऱ्या कोणाकडून लोकांना कळलं तर अब्बांना आणखी खाली बघावं लागेल, असं तिचं म्हणणं होतं.

सकाळी निघायचं होतं. हॉटेलच्या खोलीतच आंघोळ करून इहराम बांधायचा, वाटेत मीकातला, म्हणजे इहरामच्या हद्दीवर, यात्रेची नियत करायची. आम्ही बायका तयार होऊन बाहेर बसलो. आतून बराच वेळ काही आवाज येईना, म्हणून मी दार ढकललं. अब्बा लुंगीवर पांढरी चादर गुंडाळून उभे होते आणि ती सुटत होती. पुन्हा गुंडाळली, पुन्हा सुटली. ज्यांनी शेकडो माणसांना बांधून दिला, त्यांचा स्वतःचा हात चुकत होता. उजवं टोक डावीकडे जात होतं, घडी बाहेरून आत यायची ती आतून बाहेर येत होती.

"समोरच्याला बांधायची सवय हाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "स्वतःला उलटं पडतं."

कादिर पलंगाच्या पलीकडे होता, स्वतःचा इहराम कधीच बांधून. तो आला. वडिलांच्या समोर गुडघ्यावर बसला आणि चादर त्यांच्या हातातून घेतली. एक टोक आत, दुसरं वर, घडी, पुन्हा घडी. लहानपणी पडवीत बघून शिकलेलं. गुंडाळी घट्ट केली. त्याचे डोळे भरले होते, पण त्याने वर बघितलं नाही.

"चाला," तो म्हणाला.

अब्बा दोन पावलं चालले.

"बसा. उठा."

बसले, उठले. सुटला नाही.

खाली काउंटरवर किल्ली दिली. तिथला सौदी तरुण उभा राहिला, हात छातीला लावून म्हणाला, "तफद्दल, या हाज," म्हणजे पुढे व्हा, हाजी. अब्बा थांबले. आता ते पुन्हा तेच सांगणार म्हणून आलिमाने माझा हात दाबला. पण या वेळी कादिर पुढे झाला आणि त्याने मोडक्या अरबीत त्या पोराला सांगितलं की हे हाजी नाहीत, यांचं नाव गफूर, हे माझे वडील आहेत, आणि हे पहिल्यांदाच जात आहेत.